शस्त्राला शिस्तीचे म्यान

खंडेनवमीच्या सकाळी महाराष्ट्रातील असंख्य घरांत शस्त्रपूजन होते. कोणी पणजोबांची तलवार पाटावर मांडतो, शेतकरी कोयता-विळा मांडतो, सुतार आपला रंधा आणि पटाशी मांडतो. काही घरांत याच पाटावर परवान्याचे एक छोटे पिस्तूलही असते. हळदकुंकू वाहून होते, झेंडूचे फूल ठेवले जाते आणि मग मोबाइल पुढे येतात. कोणी तरी ते पिस्तूल उचलून नेम धरल्याची ऐट करतो. घरातले दहा वर्षांचे पोर म्हणते, "बाबा, मला एकदा हातात द्या ना." बाबांना कौतुक वाटते. "रिकामंच आहे, घाबरू नकोस," असे म्हणत ते पिस्तूल मुलाच्या हाती देतात.

परवानाधारकांच्या घरी घडणाऱ्या कित्येक अपघातांचा उगम 'रिकामंच आहे' या दोनच शब्दांत असतो. शस्त्रपूजनाची परंपरा ज्या समाजाने शतकानुशतके जपली, त्या समाजाला शस्त्राची पूजा शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती शस्त्राची शिस्त. पूजा वर्षातून एकदा होते. शिस्त मात्र उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत पाळायची असते. नव्याने पिस्तूल घेतलेल्या गृहस्थाने दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी हा भेद मनाशी पक्का करणे आवश्यक आहे.

शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराला आपल्या देशात एक कडवट इतिहास आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रज सरकारच्या मनात जी धास्ती बसली, तिचे अपत्य म्हणजे व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकीर्दीतील १८७८ चा शस्त्र कायदा. सामान्य भारतीयाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. एका संपूर्ण समाजाला निःशस्त्र आणि पर्यायाने निस्तेज करणारा हा कायदा त्या काळच्या राष्ट्रीय नेत्यांना सतत सलत राहिला आणि राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा आला. त्याने वंशभेदाचा तो कलंक पुसला आणि पात्र नागरिकाला परवाना मिळण्याचा मार्ग ठेवला. परंतु परवाना म्हणजे संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नव्हे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त ज्या अटींवर परवाना देतात, त्या अटी मोडल्या तर तो काढूनही घेता येतो. समाजाने एका व्यक्तीवर टाकलेला तो विश्वास आहे. विश्वासाचे ओझे नेहमीच वस्तूच्या वजनापेक्षा अधिक असते.

आता वस्तूविषयी. सैन्य आणि पोलीस दलाची नऊ मिलिमीटरची पिस्तुले प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. ती सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. सर्वसाधारण परवानाधारकाच्या वाट्याला येते ते .३२ बोअरचे, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल. ही शस्त्रे भारतीय आयुध निर्माणींत दीर्घकाळ तयार होत आली. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. लहान शस्त्रांचे काम आता कानपूर येथे मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहे. पिस्तूल आकाराने लहान असल्याने त्याविषयी एक फसवा विश्वास उत्पन्न होतो. लहान वस्तू म्हणजे कमी धोक्याची वस्तू, असे मन परस्पर ठरवून टाकते. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट असते. नळी आखूड असल्याने हाताच्या किंचित वळणानेही तिची दिशा बदलते आणि ती नकळत स्वतःच्याच मांडीकडे किंवा शेजाऱ्याच्या पोटाकडे वळते. मूठ लहान असल्याने पकड पूर्ण बसत नाही. अंगठा चुकून मागे राहिला, तर वेगाने मागे येणारी स्लाईड तो फाडून काढते. नेम धरण्याच्या दोन खुणांमधील अंतर कमी असल्याने हाताची लहानशी चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. लहान पिस्तूल सांभाळणे मोठ्यापेक्षा सोपे नसते. ते अधिक सराव मागते.

अर्धस्वयंचलित या शब्दाचा अर्थही नीट ध्यानी घेतला पाहिजे. एक गोळी सुटली की त्याच धक्क्याने स्लाईड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढे येताना स्लाईड मॅगझीनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. म्हणजे पहिली गोळी झाडल्याक्षणी पिस्तूल दुसऱ्या गोळीसाठी आपोआप सज्ज असते. घाबरलेल्या मनुष्याने चाप पुन्हा दाबला तर दुसरी गोळी सुटते. नवशिक्यांचा सर्वांत मोठा घात येथेच होतो. मॅगझीन काढले की पिस्तूल रिकामे झाले, अशी त्यांची समजूत असते. मॅगझीन हाती आले तरी एक काडतूस चेंबरमध्ये राहिलेले असू शकते आणि अनेक पिस्तुलांत मॅगझीन नसतानाही ते सुटू शकते. आधी स्लाईड ओढून मग मॅगझीन काढणारा मनुष्य तर स्वतःच्या हाताने नवे काडतूस आत भरतो आणि वर पिस्तूल मोकळे केल्याचे समाधान मानतो. म्हणून क्रम कायमचा ठरलेला असावा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाईड मागे ओढून अडकवायची आणि चेंबर उजेडात डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपायचे. एकदा पाहिल्यावर पुन्हा एकदा पाहावे. हा क्रम पाठ होईपर्यंत काडतुसे घरात आणूच नयेत, असे म्हटले तरी ती अतिशयोक्ती ठरू नये.

हाताळणीचे नियम जगभर सारखेच आहेत आणि ते मोजके आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्याचा नाश करावयाचा नाही, त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. नेम ठरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य कोणते आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज गोळी झाडू नये. सेफ्टी कॅच हा यंत्राचा एक भाग आहे आणि यंत्र बिघडते. बोटाची शिस्त हाच खरा सेफ्टी कॅच. चाप दाबूनही गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लगेच तोंडासमोर आणून पाहू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांबावे, कारण दारू उशिराही पेट घेऊ शकते. हातातून निसटलेले पिस्तूल हवेत झेलण्याचा प्रयत्न करू नये, कारण झेलणाऱ्या हाताची बोटे हमखास चापाकडे जातात.

या नियमांचे महत्त्व पटविण्यास दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळी लागली. प्रवासाला निघण्याच्या गडबडीत शस्त्र ठेवताना ते हातातून निसटले, असे त्या वेळी सांगण्यात आले. घरात कोणी दरोडेखोर शिरला नव्हता, कोणी वैरी समोर उभा नव्हता. होती ती केवळ घाई आणि भरलेले शस्त्र. ते बचावले, हे दैव. परंतु दैवावर हवाला ठेवून शस्त्र बाळगता येत नाही.

घरातील निष्काळजीपणा केवढा अनर्थ घडवितो, याविषयी महाराष्ट्राला एक थोर शिकवण मिळालेली आहे. चिपळूणच्या परिसरात तळ देऊन असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पत्र पाठविले. रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, ही त्यातील आज्ञा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच पत्रात महाराजांनी आणखी एका गोष्टीची काळजी वाहिली आहे. कोणी आगटी पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागून सारेच जळून जाईल, हा त्या इशाऱ्याचा आशय. ज्याने बलाढ्य पातशाह्यांना आव्हान दिले, त्या राजाने आपल्या शूर सैनिकांना उंदराने नेलेल्या वातीची आठवण करून द्यावी, यात फार मोठा अर्थ आहे. शत्रूपासून सावध राहणे प्रत्येकाला कळते. स्वतःच्या ढिलाईपासून सावध राहणे थोड्यांनाच कळते.

आजच्या घरातील जळती वात म्हणजे उशीखाली किंवा कपाटातील साड्यांच्या घडीखाली ठेवलेले भरलेले पिस्तूल. मुलांना ती जागा ठाऊक नाही, असे आईवडिलांना वाटते. मुलांना घरातील प्रत्येक जागा ठाऊक असते. म्हणून पिस्तूल रिकाम्या अवस्थेत, भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या बसविलेल्या पोलादी तिजोरीत असावे. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. किल्ली देवघरातील खिळ्याला टांगलेली नसावी, ती परवानाधारकाजवळच असावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित साठवणुकीची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी अर्जदाराच्या माथी घातल्या आहेत, त्या कागद पुरा करण्यासाठी नव्हेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चोर दारात उभा असताना दोन कुलपे उघडत बसायचे काय? आक्षेप अगदीच निराधार नाही आणि म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. शहरापासून दूर, मळ्यातील एकाकी वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाची भीती खरी असते. आकडे दाबून किंवा बोटाच्या ठशाने क्षणात उघडणारी पक्की पेटी हा त्यावरील एक मार्ग आहे. मात्र पेटी रात्रीच्या वेळी परवानाधारकाच्या हाताशी असावी आणि दिवसा पिस्तूल पुन्हा तिजोरीत जावे. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. दरोडेखोर बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही येत नाही. घरातील लेकरू मात्र रोज त्याच कपाटापाशी खेळते. घराचे पहिले रक्षण मजबूत दार, कडी-कोयंडा, अंगणातील दिवा, राखणीचा कुत्रा, हाकेला धावणारा शेजार आणि ११२ हा क्रमांक करतात. पिस्तुलाचा क्रम या सर्वांच्या शेवटी येतो. ज्याने पहिल्या गोष्टी न करता शेवटची विकत आणली, त्याने घर सुरक्षित केले नाही, केवळ स्वतःची समजूत घातली.

आणखी एक विषय आहे. मध्यमवर्गीय घरांत त्याविषयी बोलले जात नाही, म्हणूनच तो येथे मांडणे अगत्याचे आहे. निकालाने खचलेला तरुण, कर्जाने वाकलेला कर्ता पुरुष, आजाराने कंटाळलेले वृद्ध, कलहाने पोळलेली गृहिणी यांच्या मनात निराशेचा एखादा काळा क्षण येतो. बहुतेकांच्या बाबतीत तो क्षण जातोही. आप्तांची हाक, डॉक्टरांचे औषधोपचार, सकाळचे ऊन मनुष्याला परत आणते. परंतु त्या क्षणी हाताशी भरलेले पिस्तूल असेल, तर परतीची वाट उरत नाही. घरात कोणाच्याही मनाची अवस्था ठीक नसेल, तर शस्त्र काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करावे आणि त्या व्यक्तीला एकटे न सोडता वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. कायद्याने शस्त्र जमा करण्याची सोय ठेवली आहे. त्यात कमीपणा कसला? कुटुंबाचे रक्षण करण्यासाठीच तर ते घेतले होते.

घराच्या उंबऱ्याबाहेर जबाबदारी आणखी वाढते. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्णपणे झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. ते मिरविणे किंवा झाडणे यास सक्त मनाई आहे. कमरेचे पिस्तूल दिसावे म्हणून सदऱ्याचे टोक वर खोचून लग्नमंडपात फिरणारे महाभाग समाजाला अपरिचित नाहीत. हवेत झाडलेली गोळी हवेत विरत नाही. ती कोठे तरी खाली येते आणि ती ज्याच्यावर येते त्याचा त्या आनंदसोहळ्याशी काडीचाही संबंध नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा उत्सवी गोळीबाराला, तसेच बेदरकारपणे शस्त्र वापरून इतरांचे प्राण धोक्यात घालण्याला, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. विजयादशमीचे संचलन असो की वरात, मिरवणुकीच्या उत्साहात आणि मद्याच्या सान्निध्यात शस्त्राला जागा नाही. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करणे हे विसरण्याजोगे काम नव्हे, कारण मुदत उलटलेल्या परवान्यावरील शस्त्र हे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्रच.

परवाना व्यक्तीला असतो, घराण्याला नसतो. मुलाने, पुतण्याने, मित्राने 'जरा दोन दिवस' म्हणून पिस्तूल नेणे हा गुन्हा आहे, नेणाऱ्याचाही आणि देणाऱ्याचाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर येथे एका माजी नगरसेवकाची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील असल्याचे तपासात पुढे आले आणि त्या अंगरक्षकालाही अटक झाली. शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडू न देणे हे परवानाधारकाचे पहिले कर्तव्य आहे, हे या घटनेइतके स्पष्टपणे दुसरे काय सांगणार? शस्त्र हरवले किंवा चोरीस गेले तर लाजेने गप्प न बसता तत्काळ पोलिसांना कळवावे. परवानाधारक निवर्तल्यास वारसांनी शस्त्र विनाविलंब जमा करावे आणि ठेवायचे असल्यास स्वतःच्या नावे परवाना मागावा. आजोबांची आठवण म्हणून ट्रंकेत पडून राहिलेले शस्त्र नातवाला कारागृहाचे दार दाखवू शकते.

मग शस्त्र वापरायचे तरी केव्हा? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार सांगितला आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. कायदा नागरिकाला भ्याड व्हायला सांगत नाही. प्राणावर बेतलेल्या मनुष्याने प्रत्येक प्रहार तराजूत तोलून करावा, अशी अपेक्षा न्यायालयेही करीत नाहीत. परंतु संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यास कायद्याची अनुमती नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असताना हा अधिकार उरत नाही. दर्शन सिंह खटल्याच्या २०१० मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार संकट टाळण्यासाठी आहे, सूड उगविण्यासाठी नाही, हे स्पष्ट केले. प्राणघातक हल्ला करणाऱ्याला रोखणे वेगळे आणि भांडी चोरून कुंपणावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी झाडणे वेगळे. वाहन पुढे नेण्यावरून झालेली बाचाबाची, बांधाचा तंटा, भाऊबंदकी, राजकीय वैर या कशातही पिस्तूल बाहेर काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. शस्त्र जवळ असलेल्या मनुष्याने खरे तर इतरांपेक्षा अधिक नमते घ्यायला शिकले पाहिजे, कारण त्याचा राग इतरांच्या रागापेक्षा महाग असतो.

ही शिस्त येते कोठून? ती सरावाने आणि गुरूच्या देखरेखीखाली येते. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या एका पदकामागे रेंजवर घालविलेली वर्षे होती आणि त्या रेंजवर प्रशिक्षकाच्या आज्ञेवाचून कोणी शस्त्राला हातही लावीत नाही. नव्या परवानाधारकाने मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये नाव घालावे, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण घेऊन नियमित सराव करावा, शस्त्रासोबतची माहितीपुस्तिका वाचावी, सफाई आणि तेलपाणी त्याबरहुकूम करावे, दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. ज्याला वर्षातून चार दिवस सरावाला मिळत नाहीत, त्याने आपल्याला शस्त्राची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न स्वतःलाच विचारावा.

महाभारतातील सौप्तिक पर्वात याचे मर्म आले आहे. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले, अर्जुनाने प्रतिअस्त्र सोडले आणि दोन्हींच्या तेजाने सृष्टी होरपळू लागली. ऋषींनी दोघांनाही अस्त्रे आवरण्यास सांगितले. अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले, कारण त्याच्यापाशी संयमाची साधना होती. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडण्याची विद्या अवगत होती; आवरण्याची नव्हती. त्याचे अस्त्र अखेरीस उत्तरेच्या उदरातील गर्भावर गेले. दोघेही द्रोणांचेच शिष्य होते आणि दोघांच्या हाती सारखेच सामर्थ्य होते. अंतर होते ते शीलाचे. पिस्तुलातून सुटलेली गोळी तर अर्जुनालाही परत घेता आली नसती. म्हणून आवरायचे ते गोळी सुटण्यापूर्वी, चापावरील बोट आणि त्या बोटामागील मन.

येत्या खंडेनवमीला पिस्तूल पाटावर अवश्य मांडावे. पण आधी नळी भिंतीकडे करून मॅगझीन काढावे, स्लाईड मागे अडकवावी, चेंबर स्वतः पाहावे आणि घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाकडूनही पाहून घ्यावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात असावीत. पूजा झाली की ते कोणाच्याही हाती न देता तिजोरीत परत जावे. "बाबा, मला एकदा हातात द्या ना," असे लेकराने म्हटले, तर त्याला जवळ घेऊन "नाही" म्हणावे आणि का नाही तेही सांगावे. त्या घरातील मूल शस्त्राविषयीचा आदर त्याच दिवशी शिकेल. पुढच्या वर्षी ते स्वतः होऊन विचारील, "बाबा, चेंबर पाहिलंत ना?"